शिकारीसाठी रिट्रीव्हरचं पिल्लू घ्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू बघायला जायच्या आदल्या दिवशी लोकांचे जे मेसेज येतात त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केलेत. बहुतेकांना विचारायचं असतं की लिटरमधून, म्हणजे एका वेतातल्या पिल्लांमधून, कोणतं उचलू, पण त्याचं उत्तर पार खाली १५ नंबरला आहे आणि ते मुद्दाम तिथे ठेवलंय, कारण आधीचं सगळं नीट केलं असेल तर तो प्रश्न फारसा उरतच नाही.

१. रिट्रीव्हर म्हणजे नक्की कोणते कुत्रे, आणि शिकारीत त्यांचं काम काय?

गोळी लागून पडलेला पक्षी शोधायचा, तोंडात अलगद धरायचा आणि न चिरडता मालकाच्या हातात आणून द्यायचा, पाण्यातून असो की उंच गवतातून, हे त्यांचं काम. त्यासाठी कुत्र्याला गप्प बसून वाट बघता आली पाहिजे, पक्षी कुठे पडला ती जागा डोक्यात धरून ठेवता आली पाहिजे, ज्याला मार्किंग म्हणतात, आणि पडताना दिसलाच नसेल तर शिट्टी आणि हाताच्या इशाऱ्यावर लांबवर जाता आलं पाहिजे, त्याला ब्लाइंड रिट्रीव्ह म्हणतात. लॅब्राडॉर, गोल्डन, चेसापीक बे, फ्लॅट-कोटेड, कर्ली-कोटेड आणि नोव्हा स्कोशिया डक टोलिंग (टोलर) अशा सहा मुख्य जाती आहेत. शिकारीचे कायदे जागेप्रमाणे बदलतात, तेव्हा जिथे रीतसर परवाना मिळतो तिथलंच हे सगळं बोलणं आहे असं धरून वाचा.

२. लॅब घेऊ, गोल्डन घेऊ की आणखी काही?

पहिलाच शिकारी कुत्रा असेल तर लॅब घ्या, फार विचार करू नका. फील्ड लाइनचे, म्हणजे कामाच्या कुत्र्यांच्या वंशातले, लिटर लॅबचेच सगळ्यात जास्त निघतात म्हणून निवडायला वाव असतो आणि ट्रेनर लोकांचा हातही लॅबवरच बसलेला असतो. गोल्डन कामात अजिबात कमी नाही, पण कोट लांब, त्यात काटेकुटे अडकतात, चिखल वाळायला वेळ लागतो, आणि मोठी काळजी म्हणजे कॅन्सर. मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशनने २०१२ पासून ३००० हून जास्त गोल्डन्सचा आयुष्यभर चालणारा अभ्यास सुरू केला तो मुख्यतः त्यासाठीच. म्हणून गोल्डनच्या बाबतीत आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले हे विचाराच. फ्लॅट-कोटेडलाही कॅन्सरचा तोच घोर आहे, शिवाय तो डोक्याने मोठा व्हायला वेळ घेतो. चेसापीक बर्फासारख्या पाण्यात तासन् तास काम करेल, कोट तेलकट असल्यामुळे अंगाला पाणी लागत नाही, पण हट्टी असतो आणि हाताळणारा अनुभवी लागतो. टोलर साधारण १७ ते २३ किलोचा, चपळ, बदकांना झकास, मोठा जड गूज (रानहंस) ओढून आणताना मात्र त्याची दमछाक होते.

३. शो लाइन आणि फील्ड लाइनमध्ये एवढा फरक असतो का? लॅब तो लॅबच ना?

कागदावर हो, मैदानात नाही. कित्येक पिढ्या एका बाजूला प्रदर्शनाच्या रिंगमधल्या दिसण्यावरून जोड्या लावल्या गेल्या आणि दुसऱ्या बाजूला कामावरून, त्यामुळे आता शेजारी शेजारी उभे केले तर जात एकच आहे यावर नवखा माणूस विश्वास ठेवणार नाही. शो लाइनचा लॅब जाड हाडाचा, रुंद छातीचा, डोकं ठोकळ्यासारखं, आणि फील्ड लाइनचा सडपातळ, पायाने लांब, सतत डोळे तुमच्यावर. शो लाइनचा एखादा कुत्रा शिकारीत उत्तम निघतोही, पण तुम्ही पैज कशावर लावताय ते बघा. त्याचे आई-बाप, आजे-पणजे कुणी कामाला जुंपलेच नसतील तर त्यांच्यात दम आणि मार्किंग शिल्लक आहे की नाही हे ब्रीडरलाही सांगता येणार नाही.

४. ब्रिटिश लाइन शांत आणि अमेरिकन लाइन हायपर असं ऐकलंय, खरं आहे का?

थोडं खरं, बरंचसं जाहिरातीचं. ब्रिटनमधल्या फील्ड ट्रायल, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धा, खऱ्या शिकारीतच घेतल्या जातात, तिथे कुत्र्याला लाइनमध्ये बराच वेळ नुसतं बसावं लागतं आणि कुई-कुई केलं किंवा हुकूम नसताना पळत सुटला की तो थेट बाद, त्यामुळे शांत बसणारे आणि आवाज न करणारे कुत्रेच पुढच्या जोड्यांसाठी निवडले गेले. अमेरिकन ट्रायलमध्ये लांबलचक अंतरं, एकापाठोपाठ तीन-चार मार्क्स, म्हणजे पडताना दिसलेले आणि जागा लक्षात ठेवायचे पक्षी, मग तिथे वेग आणि ड्राइव्हवर, म्हणजे कामाच्या ओढीवर, निवड झाली. घरात राहणारा आणि आठवड्यातून एकदा शिकारीला जाणारा कुत्रा हवा असेल तर पहिला प्रकार सोपा जातो. पण आजकाल "ब्रिटिश लॅब" हे लेबल गोल डोक्याच्या, बुटक्या शो लाइनच्या पिल्लांनाही सर्रास लावतात, तेव्हा लेबल सोडा आणि पेडिग्री, म्हणजे वंशावळीचा कागद, मागा, ती कशी वाचायची ते प्रश्न ६ मध्ये आहे.

५. पेपर्स आहेत म्हणजे पिल्लू चांगलं ना?

नाही. पेपर्स म्हणजे आई-बाप कोण याची नोंद, बस. दोन्ही रजिस्टर्ड असले की पिल्लं रजिस्टर होतात, मग ते आई-बाप कामाचे असोत की सोफ्यावर झोपणारे. पेपर्स नसतील तर पुढे पाऊल टाकू नका, पण असले म्हणून खिशात हातही घालू नका.

६. पेडिग्री हातात आली, आता त्यात बघायचं काय?

आधी जवळच्या दोन पिढ्या बघा, म्हणजे आई-बाप आणि चार आजी-आजोबा. लोक हमखास फसतात ते पाचव्या पिढीतल्या एखाद्या नॅशनल चॅम्पियनच्या नावावर, "त्याचं रक्त आहे यात" म्हणतात, आणि हिशोब केला तर तिथला एक पूर्वज पिल्लात सरासरी ३ टक्के उरतो.

मग नावाच्या पुढेमागे लावलेली अक्षरं बघा. ब्रिटनमध्ये एफटीसीएच म्हणजे फील्ड ट्रायल चॅम्पियन. अमेरिकन पेडिग्रीत नावाच्या आधी एफसी किंवा एएफसी असेल तर तो फील्ड चॅम्पियन किंवा अमॅच्युअर फील्ड चॅम्पियन, आणि नावाच्या मागे जेएच, एसएच, एमएच असेल तर ज्युनिअर, सीनिअर, मास्टर हंटर. तिथे नुसतं सीएच असेल तर ते शो रिंगचं चॅम्पियन आहे, त्याचा शिकारीशी संबंध नाही, आणि "चॅम्पियन ब्लडलाइन" म्हणून विकली जाणारी पिल्लं बऱ्याचदा ह्याच सीएचची असतात.

त्यातही आईची बाजू जास्त बारकाईने बघा. नामांकित नराचं वीर्य पैसे टाकले की कुणालाही मिळतं, त्यामुळे बापाच्या रकान्यात भारी नाव असणं आता काही विशेष राहिलं नाही, पण आईला ट्रेन करून टायटलपर्यंत नेणं ही ब्रीडरची स्वतःची वर्षांची मेहनत असते, आणि पिल्लं पहिले सात-आठ आठवडे शिकतात तेही तिच्याकडूनच. आई आणि तिची आई दोघी कामाच्या असतील तर मी बापाच्या बाबतीत थोडं सोडून देईन, उलटं मात्र करणार नाही.

७. हंट टेस्ट आणि फील्ड ट्रायल एकच का? कोणतं टायटल भारी?

एक नाही. हंट टेस्टमध्ये ठरलेला दर्जा असतो, तो गाठला की पास, त्या दिवशी सगळेही पास होऊ शकतात. अमेरिकन केनेल क्लबने रिट्रीव्हरसाठी ह्या १९८५ मध्ये सुरू केल्या. फील्ड ट्रायल ही स्पर्धा, तिथे बाकीच्यांना हरवावं लागतं. ज्युनिअर हंटरला जमिनीवर आणि पाण्यात एकावेळी एकच पक्षी आणायचा असतो, बऱ्यापैकी कुत्रा ते करतो म्हणून फक्त जेएचवर भाळू नका. मास्टर हंटर म्हणजे एकावेळी अनेक मार्क्स लक्षात ठेवणं, ब्लाइंड करणं, दुसरा कुत्रा पक्षी आणत असताना गप्प बसणं, म्हणजे जवळपास तुम्हाला शिकारीत हवं असतं तेच सगळं. हौशी शिकाऱ्यासाठी मास्टर हंटर आई-बापांचं पिल्लू फील्ड चॅम्पियनच्या पिल्लापेक्षा अनेकदा जास्त सोयीचं, कारण फील्ड चॅम्पियनच्या पिल्लाचं इंजिन सांभाळायला रोज वेळ द्यावा लागतो. टायटल नसलेल्या कुत्र्यांचं काय ते प्रश्न २३ मध्ये.

८. आई-बापाच्या कोणत्या हेल्थ टेस्ट मागायच्या?

"व्हेटने बघितलंय, एकदम फिट आहे" ही टेस्ट नव्हे हे आधी डोक्यात पक्कं करा, खुब्यातला दोष चालत्या-पळत्या कुत्र्यात बाहेरून दिसतोच असं नाही.

हिप म्हणजे खुबा आणि एल्बो म्हणजे पुढच्या पायाचं कोपर, दोन्हीचे एक्स-रे काढून ग्रेड केलेले हवेत. ओएफए ह्या अमेरिकन संस्थेच्या पद्धतीत एक्सलंट, गुड, फेअर हे पास आणि पक्का दाखला २४ महिन्यांनंतरच मिळतो, म्हणजे दीड वर्षाच्या आईची पिल्लं असतील तर तिचा पक्का ओएफए रिपोर्ट असूच शकत नाही, हा हिशोब जागेवरच करून बघा. ब्रिटिश पद्धतीत ० ते १०६ असा स्कोअर असतो, जितका कमी तितका चांगला, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी ए ते ई, त्यात ए सर्वात चांगला. पेनहिप नावाची पद्धत खुब्याचा सैलपणा मोजते, ती १६ आठवड्यांपासून करता येते.

डोळ्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञ व्हेटकडून, आणि ती दरवर्षी करायची असते, पाच वर्षांपूर्वीचा कागद चालणार नाही. गोल्डनमध्ये तर डोळ्यांचा एक आजार, पिगमेंटरी युव्हायटिस, उतारवयात उघड होतो म्हणून आजी-आजोबांचे रिपोर्टही उपयोगाचे. गोल्डनची हृदयतपासणी सुद्धा मागा.

डीएनए टेस्टमध्ये लॅबसाठी तीन तरी हव्यात, ईआयसी, सीएनएम आणि पीआरए. ईआयसी म्हणजे जोरात पळापळ आणि उत्साह एकत्र आला की ५ ते १५ मिनिटांत मागचे पाय लुळे पडतात, शिकारी कुत्र्यासाठी ह्याच्याइतकं वाईट काही नाही, पाण्यात असताना झालं तर बुडायचीच भीती. त्याचं जीन २००८ मध्ये सापडलं, टेस्ट साधी आहे, गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा, त्यामुळे आता ती न करायला ब्रीडरकडे कारणच नाही. सीएनएम हा स्नायूंचा आजार, पिल्लू काही महिन्यांचं असतानाच दिसायला लागतो. पीआरएमध्ये हळूहळू दृष्टी जाते. चेसापीकला ईआयसी आणि पीआरएबरोबर डीएम, म्हणजे मज्जारज्जूचा आजार, पण बघा.

रिपोर्टवरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि मायक्रोचिप नंबर समोरच्या कुत्र्याशी जुळतोय का बघा, आणि जिथे ऑनलाइन डेटाबेस आहे तिथे स्वतः शोधा, स्क्रीनशॉटवर भागवू नका.

९. आई ईआयसी कॅरिअर निघाली. लिटर सोडून देऊ का?

घाबरू नका, आधी बापाचा रिपोर्ट बघा. हा आजार दोन्हीकडून जीन आलं तरच होतो, एकाच बाजूने आलेला तो कॅरिअर, अजिबात नसलेला तो क्लिअर. आई कॅरिअर आणि बाप क्लिअर असेल तर एकही पिल्लू आजारी होणार नाही, सरासरी निम्मी कॅरिअर असतील, आणि कॅरिअर कुत्रा आयुष्यभर शिकार करू शकतो. दोघंही कॅरिअर असतील तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका, तिथून सरळ निघा. सीएनएम आणि पीआरएला हाच हिशोब. उलट मला कॅरिअर मादी लपवून न ठेवता क्लिअर नराला लावणारा ब्रीडर जास्त भरवशाचा वाटतो, चांगल्या मादीला एका जीनसाठी बाद करत गेलं तर जात अजूनच आखडेल.

१०. आई-बापाचे हिप चांगले होते तरी मित्राच्या कुत्र्याला डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) झाला, मग टेस्टचा उपयोग काय?

हिप एका जीनचा खेळ नाही, अनेक जीन्स आणि वर खाणं, वजन, वाढीच्या वयातली उड्या-धावपळ. चांगल्या हिपवाल्या आई-बापांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून आई-बापाच्या भावंडांचे रिपोर्टही विचारा, दोघंच पास आणि बाकी सगळं लिटर नापास असेल तर तो मोठा इशारा आहे. आणि तुमच्या हातात जे आहे ते करा, पिल्लू बारीक ठेवा. ४८ लॅब्जवर जन्मभर केलेल्या एका अभ्यासात २५ टक्के कमी खाल्लेले कुत्रे मध्यमानाने १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. गुटगुटीत पिल्लू फोटोत छान दिसतं, एवढंच.

११. पेडिग्रीत एकच नाव दोनदा आलंय, हे वाईट का?

चौथ्या-पाचव्या पिढीत असेल तर नेहमीचंच, ब्रीडर मुद्दाम करतात, त्याला लाइन ब्रीडिंग म्हणतात. जवळ असेल तर विचारा. सावत्र भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांचा सीओआय म्हणजे अंतर्प्रजननाचा आकडा १२.५ टक्के येतो, सख्ख्यांचा २५. "हे का केलं" याचं नीट उत्तर ब्रीडरकडे नसेल तर मी घेणार नाही.

१२. ब्रीडरशी फोनवर काय बोलू?

पहिला प्रश्न किमतीचा नको. ही जोडी का लावली, ते विचारा. चांगला ब्रीडर अर्धा तास बोलत सुटतो, आईत हे कमी होतं म्हणून हा नर शोधला, आधीच्या लिटरमधली अमुक दोन पिल्लं आता काय करतात वगैरे. "दोन्ही चांगले आहेत म्हणून" एवढंच उत्तर आलं तर समजून जा. आधीच्या लिटरमधल्या पिल्लांच्या मालकांशी बोलता येईल का ते विचारा आणि खरंच बोला, दोन वर्षांचं झालेलं सख्खं भावंड पेडिग्रीपेक्षा जास्त सांगून जातं. तो उलट तुम्हालाच भंडावून सोडेल, कुठे ठेवणार, कोण ट्रेन करणार, वर्षातून किती वेळा शिकारीला जाता, तर राग मानू नका, ते चांगलं लक्षण आहे. वाईट लक्षण म्हणजे बाराही महिने पिल्लं तयार, चार-पाच जाती एकाच ठिकाणी, आणि "आज टोकन टाका नाहीतर जाईल".

१३. प्रत्यक्ष गेल्यावर काय बघू?

आईला बघा, शक्य असेल तर काम करताना. बंपर, म्हणजे पक्ष्याऐवजी वापरायची डमी, फेकायला सांगा, ती बसून थांबते का, परत आल्यावर हातात देते का की घेऊन पळते, तोंडात धरल्यावर चावत बसते का. हार्ड माउथ म्हणजे पक्षी चिरडणं, हा दोष पुढच्या पिढीत उतरतो असं बहुतेक जुने ब्रीडर मानतात म्हणून त्याबद्दल थेट विचारा, आवाज करण्याबद्दलही. काम संपल्यावर ती निवांत पडू शकते का, हेही बघा, ह्याला लोक ऑफ स्विच म्हणतात आणि घरच्यांना त्याचीच सगळ्यात जास्त किंमत कळते. बाप बऱ्याचदा तिथे नसतोच, चांगला नर शोधला की तो लांबचा निघतो, तर त्याचे व्हिडिओ आणि रिपोर्ट मागा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर निघा.

१४. पिल्लू किती आठवड्यांचं आणायचं?

सात ते आठ आठवडे, त्याआधी नाही, काही ठिकाणी आठच्या आत विकायला कायद्यानेच बंदी आहे. भावंडांबरोबर खेळताना जोरात चावलं की काय होतं हे पिल्लू तिथेच शिकतं, आणि लवकर उचललेलं पिल्लू ते तुमच्या हातावर शिकतं. तोपर्यंत जंताचं औषध दोन-तीनदा आणि पहिली लस झालेली असावी, तारखांसकट लिहून घ्या. बारा आठवड्यांचं मिळत असेल तर ब्रीडरने मधल्या काळात त्याला माणसं, आवाज, गवत, उथळ पाणी दाखवलंय का एवढं बघा, केनेलमध्ये नुसतं कोंडलेलं असेल तर नको.

१५. बरं, आता सांगा, लिटरमधून कोणतं उचलू?

वरचं सगळं जुळलं असेल तर खरं सांगायचं तर कोणतंही. सात आठवड्यांच्या पिल्लाच्या चाचण्यांवरून मोठेपणीचं काम सांगता येतं असं छातीठोक कुणी म्हणत असेल तर ऐकून सोडून द्या. तरी टोकाची दोन टाळावीत, सगळ्यांना तुडवत पहिलं अंगावर येणारं आणि कोपऱ्यात दबून बसलेलं. पहिलं अनुभवी माणसाला चालतं, नवख्याला घाम फोडतं.

एकेकट्याला वेगळ्या जागी घेऊन कागदाचा बोळा किंवा पक्ष्याचा पंख फेका, पाठीमागे जातं का, तोंडात घेतं का, तुमच्याकडे येतं का. एकदाच बघू नका, त्या क्षणी ते नुकतंच जेवलेलं किंवा पेंगुळलेलं असू शकतं. चावी खाली पाडा, दचकलं तर हरकत नाही, दचकून परत वास घ्यायला येतंय ना ते महत्त्वाचं. पण शेवटी ब्रीडरचं ऐका, त्याने सात आठवडे रोज बघितलंय आणि तुम्ही फक्त एक तास, बरेच चांगले ब्रीडर तर तुमच्या गरजेप्रमाणे पिल्लू स्वतःच ठरवून देतात.

१६. बंदुकीच्या आवाजाला घाबरणार नाही हे आधी कळतं का?

पूर्ण नाही कळत. भित्रा स्वभाव आई-बापाकडून येऊ शकतो, पण आवाजाची भीती बहुतेक वेळा माणूसच लावतो, पिल्लाला एकदम रेंजवर नेऊन. ब्रीडरकडे बंदूक उडवून "टेस्ट" तर अजिबात करू नका. घरी आणल्यावर लांबून, हलक्या आवाजापासून, पिल्लू कशाच्या तरी मागे धावण्यात रमलेलं असताना सुरुवात करा आणि हळूहळू जवळ या.

१७. नर की मादी?

कामात फरक नाही. मादी साधारण सहा-आठ महिन्यांनी माजावर येते, तीनेक आठवडे जातात आणि नेमका सीझन सापडला तर हुकतो. नर आकाराने मोठा, लॅबमध्ये २९ ते ३६ किलो, छोट्या बोटीत हे जाणवतं. नसबंदी करायची तर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा आणि व्हेटशी बोला, मोठ्या जातीत फार लवकर केली तर सांध्यांना त्रास होऊ शकतो.

१८. काळा जास्त कामाचा असतो का? आणि सिल्व्हर लॅब?

रंगाने काम ठरत नाही, ट्रायलमध्ये काळे जास्त दिसतात कारण कामाच्या लाइनमध्ये तेच जास्त आहेत. चॉकलेटमध्ये चांगली फील्ड लाइन शोधायला वेळ लागतो इतकंच. सिल्व्हर, चारकोल, शॅम्पेन हे डायल्यूट जीनचे, म्हणजे मूळ रंग फिका करणाऱ्या जीनचे, रंग, त्यावरून जातीच्या लोकांत भांडणं आहेत आणि काहींना केस गळायचा त्रास होतो. माझं म्हणणं, रंग "दुर्मिळ" म्हणून जास्त पैसे मागणारा ब्रीडर कामासाठी ब्रीड करत नाही.

१९. दोन भावंडं एकदम घेतली तर एकमेकांना सोबत होईल ना?

होईल, आणि तुमची गरज उरणार नाही. दोघांना वेगवेगळं ट्रेन करायचं म्हणजे दुप्पट वेळ. एक आणा, ते तयार झालं की दुसरं.

२०. लेखी करारात काय असावं?

हिप, एल्बो, डोळे आणि डीएनए आजारांची हमी, निदान २४ महिन्यांच्या पुढेपर्यंत, कारण प्रश्न ८ मध्ये म्हटलं तसं पक्का हिप रिपोर्ट त्याआधी येतच नाही. दोष निघाला तर पैसे परत की दुसरं पिल्लू हे स्पष्ट हवं, "कुत्रा परत आणून द्या मगच" अशी अट असेल तर ती हमी कागदावरच राहते, दोन वर्षं घरात राहिलेला कुत्रा कोण परत देतो. रजिस्ट्रेशन लिमिटेड की फुल तेही बघा, लिमिटेड असेल तर पुढे त्याची पिल्लं रजिस्टर होणार नाहीत, नुसती शिकार करायची असेल तर काही बिघडत नाही.

२१. मला ट्रेनिंगला वेळ नाही, मग?

मग पिल्लू घेऊ नका, स्टार्टेड डॉग बघा, म्हणजे साधारण वर्षभराचा, बेसिक हुकूम, साधे मार्क्स, बंदूक आणि पाणी झालेला कुत्रा. महाग पडतो, पण त्याचे हिप एक्स-रे करून बघता येतात, काम डोळ्यांनी बघता येतं. पैसे देण्याआधी स्वतः हाताळून बघा, ट्रेनरच्या हातात सगळेच कुत्रे शहाणे असतात.

२२. शिकार करणार नाही, घरीच ठेवायचाय, फील्ड लाइन चालेल का?

रोज तास-दीड तास पळवणार असाल आणि डोक्याला काम देणार असाल, डमी ट्रेनिंग, वास शोधणं वगैरे, तर चालेल. नाहीतर तो स्वतःचं काम स्वतः शोधतो आणि ते बहुतेक तुमच्या चपलांशी संबंधित असतं. शांत आई बघून निवडा, प्रश्न १३.

२३. ओळखीच्या एका शिकाऱ्याची मादी जबरदस्त आहे पण तिला एकही टायटल नाही, तिचं पिल्लू घेऊ का?

घेऊ शकता, सगळेच लोक टेस्टला जात नाहीत आणि टायटलला पैसा आणि वीकएंड लागतात. पण मग टायटलने जे आयतं कळलं असतं ते तुम्हाला स्वतः बघावं लागेल. तिच्याबरोबर एक-दोनदा तरी शिकारीला जा, मालकाच्या गोष्टींवर जाऊ नका, प्रत्येक शिकाऱ्याची मादी त्याच्या तोंडून जबरदस्तच असते. दुसऱ्या-तिसऱ्या पक्ष्याची जागा तिला आठवते का, थंड पाण्यात पाचव्यांदा जाताना रेंगाळते का, पक्षी कसा आणते ते बघा. नर टायटलवाला असेल तर अजून बरं. हेल्थ टेस्टमध्ये मात्र ओळखीला सवलत नाही, प्रश्न ८ मधली यादी जशीच्या तशी, आणि मालक म्हणाला की आमच्याकडे असलं काही करत नाहीत, तर टेस्टचे पैसे मी देतो म्हणून सांगा, जोडी लावायच्या आधी.